मराठवाड्यातील शेतमालाचे भौगोलिक मानांकन

मराठवाड्यातील शेतमालाचे भौगोलिक मानांकन म्हणजे मराठवाडा विभागात पिकणाऱ्या विशिष्ट शेतमालाच्या ठिकाणदर्शक नावांना भारतीय कायद्याने दिलेले संरक्षण होय. जालना मोसंबी, बीड सीताफळ, मराठवाडा केसर आंबा, वसमत हळद, जालन्याची दगडी ज्वारी, पानचिंचोलीची चिंच, बोरसुरी तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर ही अशा नावांतील ठळक उदाहरणे आहेत. नोंदणीमुळे त्या नावाचा वापर ठरावीक भूभागातील अधिकृत उत्पादकांपुरता मर्यादित होतो. पिकाच्या वाणावर, लागवडीच्या पद्धतीवर किंवा मालाच्या विक्रीवर मात्र अशी कोणतीही मक्तेदारी निर्माण होत नाही. मालाच्या शुद्धतेची हमीही या नोंदणीतून मिळत नाही. ग्राहक आणि शेतकरी या दोघांमध्येही याविषयी बरेच गैरसमज आढळतात.

संज्ञा

'जिऑग्राफिकल इंडिकेशन' या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत भौगोलिक मानांकन, भौगोलिक निर्देशांक, भौगोलिक चिन्हांकन आणि भौगोलिक संकेत असे पर्याय वापरले जातात. वृत्तपत्रांत 'जीआय टॅग' हा शब्दप्रयोग सर्वाधिक दिसतो. 'मानांकन' हा शब्द रूढ झाला असला, तरी तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. त्यावरून एखाद्या शासकीय यंत्रणेने मालाची तपासणी करून त्याला दर्जा दिला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात मालाची प्रतवारी १९३७ च्या कृषी उत्पन्न (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियमानुसार, म्हणजे ॲगमार्कच्या व्यवस्थेत होते. भौगोलिक मानांकन ही बौद्धिक संपदेची नोंद असून तिचे स्वरूप व्यापारचिन्हाच्या अधिक जवळचे आहे. मात्र व्यापारचिन्ह एका व्यक्तीचे किंवा कंपनीचे असू शकते, तर भौगोलिक मानांकन त्या भूभागातील उत्पादकांच्या समूहाचे असते. ते विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही.

कायदेशीर चौकट

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ मध्ये अमलात आलेल्या 'ट्रिप्स' करारात ठिकाणदर्शक नावांच्या संरक्षणाची तरतूद होती. फ्रान्समधील शॅम्पेन किंवा इटलीतील पार्मा हॅम यांसारख्या नावांना युरोपात त्यापूर्वीपासून संरक्षण होते. भारतात अशा संरक्षणाची निकड १९९७ मध्ये तीव्रतेने जाणवली. त्या वर्षी अमेरिकेतील राइसटेक या कंपनीला बासमतीशी संबंधित तांदळाच्या वाणांवर पेटंट मिळाले आणि भारतात मोठा वाद उद्भवला. पुढे संसदेने भौगोलिक उपदर्शने (वस्तूंची नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ संमत केला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदणी कचेरी चेन्नई येथे असून दार्जिलिंग चहा ही भारतातील पहिली नोंद ठरली.

नोंदणीसाठी एकट्या शेतकऱ्याला अर्ज करता येत नाही. उत्पादकांची संघटना, संस्था किंवा कायद्याने स्थापन झालेले प्राधिकरण यांनाच तो अधिकार आहे. अर्जासोबत त्या भूभागाचा नकाशा जोडावा लागतो. मालाची वैशिष्ट्ये, ती त्या मातीशी, हवामानाशी किंवा तेथील लोकांच्या कौशल्याशी कशी निगडित आहेत याचे विवेचन आणि नाव जुने असल्याचे पुरावेही द्यावे लागतात. तज्ज्ञांच्या सल्लागार गटाने तपासणी केल्यानंतर अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध होतो. त्यावर हरकत घेण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते आणि ती एक महिना वाढवून मिळू शकते. नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते. सर्वसामान्य वापरात येऊन ठिकाणाशी नाते उरलेले नाही अशा नावाची नोंदणी होत नाही. बटाटावडा कोठेही तळला तरी बटाटावडाच असतो, हे या नियमाचे सोपे उदाहरण मानता येईल.

अर्ज करणारी संस्था 'नोंदणीकृत स्वामी' ठरते. तरीही मालावर ते नाव लावण्याचा हक्क प्रत्येक शेतकऱ्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी त्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. या नोंदणीचे शुल्क पूर्वी पाचशे रुपये होते. २०२० मधील नियमदुरुस्तीने ते दहा रुपयांवर आणले गेले. खोटे मानांकन लावून माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

मराठवाड्यातील नोंदी

महाराष्ट्रातील शेतमालाला मानांकन मिळण्याची सुरुवात नाशिकची द्राक्षे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांसारख्या आधीच नावाजलेल्या फळांपासून झाली. मराठवाड्याचा क्रम त्यानंतर लागला. २०१६ मध्ये राज्यातील अनेक नावे एकापाठोपाठ नोंदली गेली. त्यांत जालना मोसंबी, बीड सीताफळ आणि मराठवाडा केसर आंबा यांचा समावेश होता. बीडचे सीताफळ बालाघाट डोंगररांगांच्या हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसात वाढते. इतर पिकांना प्रतिकूल ठरणारी जमीनच येथे फळाच्या ओळखीचा आधार झाली आहे.

२०२४ मध्ये दुसरी मोठी भर पडली. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ, त्याच जिल्ह्यातील कास्ती कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी आणि हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळद ही नावे त्या वर्षी नोंदली गेली. आधीच्या नोंदींमध्ये जिल्ह्याचे किंवा संपूर्ण विभागाचे नाव होते. या नोंदींमध्ये मात्र लहान गावांची नावे आढळतात. पानचिंचोली किंवा बोरसुरी हे नाव लातूरच्या बाहेर फारसे कोणी ऐकलेले नसेल, आणि अपरिचित नावाला संरक्षण मिळाल्याने बाजारात त्याचे मोल किती वाढते हा रास्त प्रश्न आहे. प्रसिद्ध नावाची नक्कल होते म्हणून त्याला संरक्षण लागते. अप्रसिद्ध नावाला आधी ओळख मिळवावी लागते आणि ते काम कायदा करीत नाही.

वसमत हळद

वसमत हा आज हिंगोली जिल्ह्यातील तालुका आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी वसमत परभणी जिल्ह्यातच होते. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांवर आधारलेल्या पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यामुळे या पट्ट्यात ऊस, केळी आणि हळद ही बागायती पिके रुजली. हळदीखालील क्षेत्राच्या दृष्टीने हिंगोली हा राज्यातील अग्रगण्य जिल्हा असून वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्यात आले आहे.

या भागात प्रामुख्याने 'सेलम' या वाणाची लागवड होते. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी, साधारणतः जानेवारीपासून मार्चपर्यंत, काढणीस येते. काढणीनंतर मातृकंद म्हणजे गड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडे वेगळी केली जातात. हळकुंडे पूर्वी काहिलीत शिजवीत. आता वाफेवर चालणारी यंत्रे अधिक वापरली जातात. त्यानंतर ती उन्हात वाळवून फिरत्या ड्रममध्ये पॉलिश केली जातात. ओल्या हळदीच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्साच वाळलेल्या मालाच्या रूपाने हाती येतो. शिजवण्यात, वाळवण्यात किंवा साठवण्यात चूक झाली, तर रंग आणि कुरकुमीन हा मुख्य घटक या दोहोंची हानी होते. म्हणून वसमत हळदीचे वैशिष्ट्य जमिनीइतकेच काढणीपश्चात कामातही आहे.

मानांकन मिळण्यापूर्वी, आणि बऱ्याच अंशी आजही, या हळदीची बाजारातील ओळख दुसऱ्याच ठिकाणाशी जोडलेली राहिली. सांगली ही हळदीची जुनी पेठ. तेथील हरिपूर परिसरातील जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. मराठवाड्यातील हळदही सांगलीच्या सौद्यात जाते. तेथे राजापुरी हळद एका नावाने आणि बाहेरून आलेली हळद 'परपेठ' या नावाने ओळखली जाते. 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये स्वतंत्र मानांकन मिळाले. परिणामी पेठेचे नाव आणि पिकाच्या भूमीचे नाव यांतील जुना घोळ आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. वसमतच्या शेतात पिकलेला माल सांगलीच्या सौद्यात विकला गेला, तरी त्यामुळे तो सांगली हळद ठरत नाही.

मानांकनाची सीमा नकाशाने ठरते. वसमत तालुक्याला लागून परभणी जिल्ह्याचा पूर्णा तालुका आहे आणि तेथेही हळद होते. पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे बाजारपेठेचे गाव असून तेथे स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. अशा शेजारच्या गावातील शेतकरी तेच बेणे लावतो, त्याच पद्धतीने हळद शिजवतो आणि अनेकदा त्याच व्यापाऱ्याला विकतो. तरीही त्याला नाव वापरता येईल की नाही, हे त्याचा गट क्रमांक नोंदणीच्या नकाशात येतो का आणि त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली आहे का, या दोनच गोष्टींवर ठरते. मालाची प्रत किंवा वसमतपासूनचे अंतर विचारात घेतले जात नाही. बासमतीच्या बाबतीत हाच प्रश्न राज्यांच्या पातळीवर उभा राहिला. २०१६ मध्ये नोंदल्या गेलेल्या बासमतीच्या क्षेत्रात मध्य प्रदेशाचा समावेश झाला नाही आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

वाणाचे नाव आणि ठिकाणाचे नाव

परभणीच्या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या काही पिकांना भौगोलिक मानांकन नाही आणि ते मिळण्याचे कारणही नाही. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) विकसित केलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी पिवळ्या शिरांच्या विषाणूजन्य रोगाला प्रतिकार करते आणि अनेक राज्यांत लावली जाते. 'परभणी मोती' हा ज्वारीचा वाण आहे. इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने तयार झालेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत लोह आणि जस्ताचे प्रमाण अधिक असते. ही नावे वाणांची आहेत. परभणी क्रांती भेंडी बिहारमध्ये पिकली तरी ती परभणी क्रांतीच राहते. वाणांचे हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाच्या कक्षेत येतात.

केसर आंब्याच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती दिसते. हा वाण मूळचा गुजरातमधील जुनागढ परिसराचा. 'गीर केसर' या नावाला २०११ मध्ये मानांकन मिळाले आणि पुढे 'मराठवाडा केसर' या नावालाही मिळाले. वाण एकच असला, तरी ठिकाण वेगळे असल्याने दोन्ही नोंदी एकमेकींना बाधा आणत नाहीत. 'केसर' हा शब्द एकटा कोणाच्याही मालकीचा नाही. त्याच्यापुढे 'गीर' किंवा 'मराठवाडा' लावताच तो संरक्षित होतो.

मानांकन आणि अन्नसुरक्षा

हळदीच्या बाबतीत नाव आणि सुरक्षितता यांतील फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. हळकुंडांना उठावदार पिवळा रंग यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हे रंगद्रव्य मिसळण्याचा अपप्रकार दक्षिण आशियात आढळला आहे. हे रंगद्रव्य मूलतः रंगउद्योगात वापरले जाते आणि त्यात शिसे असते. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. त्यांच्या शरीरात ते प्रौढांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमचा परिणाम होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही. घरातील रोजच्या वरणभाजीत हळद पडते, त्यामुळे थोड्या भेसळीचाही परिणाम दीर्घकाळ होत राहतो.

बांगलादेशात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि स्थानिक संशोधकांच्या २०१९ मधील अभ्यासाने हा प्रकार उघडकीस आणला. तेथील एका मोठ्या पुरात हळद काळवंडली, तेव्हा तिला रंग देण्यासाठी ही युक्ती सुरू झाल्याचे व्यापाऱ्यांनी सांगितले होते. शासनाने धाडी आणि जनजागृती हाती घेतल्यानंतर बाजारातील भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. कायद्याच्या अंमलबजावणीने असा बदल घडवता येतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील शहरांतून हळदीचे नमुने तपासले गेले. त्यांत पाटण्यातील नमुन्यांमध्ये शिशाचे प्रमाण दर ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने हळदीसाठी ठरवलेली कमाल मर्यादा दर ग्रॅमला दहा मायक्रोग्रॅम आहे.

भेसळीवरील नियंत्रण २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमानुसार होते आणि राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीत तपासणी यंत्रणेचा उल्लेख अपेक्षित असला, तरी बाजारातील प्रत्येक पाकिटाची रासायनिक तपासणी त्यातून होत नाही. म्हणून सुट्या हळद पावडरीवर कोणत्याही गावाचे नाव असले, तरी त्यावरून तिची शुद्धता सिद्ध होत नाही. प्राधिकरणाने सुचवलेल्या घरगुती चाचणीत अख्खे हळकुंड पाण्याच्या पेल्यात टाकतात; रंग लगेच सुटू लागला, तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा असे सांगितले जाते. ही चाचणी अख्ख्या हळकुंडापुरती आहे. पावडरीतील शिशाचे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते.

बनावट नावे आणि तंत्रज्ञान

संरक्षित नावाचा गैरवापर कसा ओळखावा, या प्रश्नावर महाराष्ट्रात सर्वाधिक वाद हापूस आंब्याच्या निमित्ताने झाले आहेत. 'अल्फान्सो' या नावाची नोंदणी ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली आणि तिच्या क्षेत्रात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे समाविष्ट झाले. त्यापूर्वी अनेक वर्षे देवगड आणि रत्नागिरीच्या बागायतदारांना स्वतंत्र नावे हवी होती. आता गुजरातमधून 'वलसाड हापूस' या नावासाठी अर्ज झाल्याने कोकणातील उत्पादकांनी त्याला विरोध केला आहे. दरम्यान कर्नाटकातील आंबा देवगडच्या पेटीत भरून विकण्याचे प्रकार बाजारात होतच राहिले.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचे चिकटपत्र लावण्याची पद्धत आणली. या क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, तर दुसरा चिकटपत्राखाली दडलेला असतो. ग्राहकाने छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवल्यास दडलेला भाग विचारला जातो आणि दोन्ही जुळल्यास बागायतदाराची माहिती मिळते. बागायतदारांना चिकटपत्रे त्यांच्या झाडांच्या संख्येच्या प्रमाणात दिली जातात. ही अट कळीची आहे, कारण साध्या क्यूआर कोडची छायाप्रत सहज काढता येते आणि खऱ्या बागायतदाराने उरलेली चिकटपत्रे दुसऱ्याला विकणेही अशक्य नसते. आंबा जितका पिकू शकतो त्याहून अधिक क्रमांक बाजारात आलेच नाहीत, तर फसवणुकीला मर्यादा पडते.

हीच युक्ती हळदीला, तूरडाळीला किंवा ज्वारीला लागू पडत नाही. आंबा ग्राहकाच्या हाती अख्खा पोहोचतो. हळद मात्र सौद्यात अनेकांच्या पोत्यांसोबत एकत्र होते, गिरणीत दळली जाते आणि तिसऱ्याच्याच छापाच्या पाकिटात भरली जाते. या साखळीत मूळ गावाचे नाव पहिल्या सौद्यातच पुसले जाते. ते टिकवायचे तर शेतकरी गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने शिजवण्यापासून पाकीटबंदीपर्यंतची कामे स्वतःकडे ठेवावी लागतात. त्यासाठी भांडवल, गोदाम आणि अन्नपरवाना लागतो. ज्यांच्याकडे ते आहे, अशाच गटांना मानांकनाचा लाभ प्रथम मिळतो.

कायदेशीर कारवाई कोण करू शकतो, हाही प्रश्न शेतमालापुरता मर्यादित नाही. इटलीतील प्राडा कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण सादर केल्यानंतर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्याच वर्षीच्या जुलैत न्यायालयाने ती फेटाळली. याचिकाकर्ते हे मानांकनाचे नोंदणीकृत स्वामी नव्हते आणि दाद मागण्याचा अधिकार स्वामींना आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मराठवाड्यातील बहुतेक नोंदी लहान संस्थांच्या नावे आहेत. मुंबईच्या किंवा हैदराबादच्या बाजारात कोणी वसमतचे नाव लावून भलतीच हळद विकली, तर दावा चालवण्याचा खर्च आणि पुरावा गोळा करण्याचे काम या संस्थांनाच करावे लागते.